मलम की ऑपरेशन? आधी रिपोर्ट वाचू

पत्र

मॅडम, नमस्कार. माझं वय ४४. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन वर्षं खाली खाज येत होती. फंगल आहे म्हणून गोळ्या झाल्या, ट्यूब झाल्या. थोडे दिवस बरं वाटायचं, परत तेच. दिवाळीनंतर आंघोळ करताना हाताला खरखरीत, थोडा उंच चट्टा लागला. तालुक्याच्या गायनॅक मॅडमनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टात लिहिलंय : व्हल्व्हर एचएसआयएल, व्हीआयएन ३, पी-१६ पॉझिटिव्ह, इन्व्हेजन नाही. मॅडम म्हणाल्या, कॅन्सर नाही, पण दुर्लक्ष केलं तर होऊ शकतो. त्यांनी इमिक्विमोड नावाच्या मलमाच्या पुड्या दिल्या, आठवड्यातून दोनदा लावायला. दुसऱ्या एका सर्जननी सांगितलं, काढूनच टाका. मी लवकर बरं व्हावं म्हणून मलम पाच रात्री रोज लावलं. आता सगळं सोलवटलंय, लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी येतं, अंग कसकसतंय. मेडिकलवाला म्हणतो हे चामखिळीचं औषध आहे. मला चुकीचं औषध दिलं का? ऑपरेशन करून मोकळी होऊ का? हा विषाणू संबंधातून येतो असं वाचलं. यांना अजून काही सांगितलेलं नाही, नको तो संशय यायचा. मुलगी १२ वर्षांची आहे. आमचा टॉवेल एकच असतो. तिला काही होईल का?

— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर

ताई, आज रात्री मलम लावू नका. कातडी भरून येईपर्यंत पुढचे काही दिवसही नको. बाकीचं सावकाश बोलू, आधी तुमचं दुखणं कमी करू.

कोमट पाण्याचा टब किंवा मोठं घमेलं घ्या आणि त्यात दहा-पंधरा मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा. पाण्यात काही घालायचं नाही. मीठ नको, हळद नको, अँटिसेप्टिक तर अजिबात नको. नंतर घासून पुसू नका, मऊ कापडाने टिपा आणि साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. लघवीला बसताना तांब्याने कोमट पाणी वरून सोडत राहा, म्हणजे लघवी पातळ होऊन उघड्या कातडीला झोंबणार नाही. भरपूर पाणी प्या. दुखतं म्हणून पाणी तोडणाऱ्या बायकांची लघवी जास्त तीव्र होते आणि जास्त आग होते. अंग कसकसतंय त्यासाठी पॅरासिटॅमॉल चालेल. सुजेमुळे लघवी सुटतच नसेल, जोराचा ताप असेल किंवा पू दिसत असेल, तर उत्तर वाचत बसू नका, आजच दवाखाना गाठा. आणि काहीही असलं तरी उद्या तुमच्या मॅडमना फोन करून ‘मी रोज लावलं’ हे स्पष्ट सांगा. आपण सांगितल्यापेक्षा जास्त लावलं हे बायका लपवतात. मग डॉक्टरला वाटतं की औषधच सोसत नाही, आणि चांगला उपचार अर्ध्यात बंद पडतो.

आता औषध चुकीचं आहे का, ते पाहू. रिपोर्टातलं व्हल्व्हर एचएसआयएल किंवा व्हीआयएन ३ म्हणजे योनीच्या बाहेरच्या भागाच्या कातडीवरचा, कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेतला चट्टा. ‘इन्व्हेजन नाही’ म्हणजे तो खाली खोल शिरलेला नाही. मेडिकलवाला खोटं बोलला नाही. अमेरिकेत १९९७ साली या मलमाला पहिली मंजुरी मिळाली ती जननेंद्रियावरच्या चामखिळींसाठीच, आणि पुडीतल्या चिठ्ठीवर तेच लिहिलेलं असतं. तुमच्या मॅडमही बरोबर आहेत. तुमच्यासारख्या चट्ट्यांसाठी हे मलम चिठ्ठीबाहेरचा वापर म्हणून गेली वीसेक वर्षं जगभर दिलं जातंय, आणि त्यामागे नीट केलेले अभ्यास आहेत. चामखीळ आणि तुमचा चट्टा एकच नव्हे. पण दोन्हींच्या मुळाशी एचपीव्ही हा एकाच घराण्यातला विषाणू असतो, वेगवेगळ्या जातींचा. चामखीळ बहुतेक वेळा ६ आणि ११ क्रमांकाच्या जातींमुळे होते, त्यातून सहसा पुढे काही घडत नाही. तुमच्यासारख्या चट्ट्यात बहुतेकदा १६ क्रमांक सापडतो, आणि तो कॅन्सरकडे नेऊ शकतो.

हे मलम पेशी जाळत नाही. तुमची कातडी सोलवटली आहे म्हणून तसं वाटणं साहजिक आहे, पण काम वेगळ्या रीतीने चालतं. एचपीव्ही त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये असा दडून बसतो की शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ताच लागत नाही. इमिक्विमोड त्वचेतल्या पहारेकरी पेशींवरची टीएलआर-७ नावाचं बटण दाबून त्यांना जागं करतं. त्या पेशी इंटरफेरॉनसारखी द्रव्यं सोडतात, आणि मग तुमच्याच पांढऱ्या पेशी तिथे गोळा होऊन बिघडलेल्या पेशी संपवू लागतात. लाली, आग, ओलसरपणा, थोडं सोलवटणं हे त्या लढाईचं दिसणारं रूप. फ्लू झाल्यासारखी अंगदुखी येते तीही त्याच द्रव्यांमुळे. म्हणूनच रोज लावून काम लवकर उरकत नाही. प्रतिकारशक्तीला उठवायचं असतं, मग सावरायला वेळ द्यायचा असतो. रोज लावलं की फक्त जखम वाढते आणि शेवटी उपचारच थांबवावा लागतो. तुमचं नेमकं तेच झालंय.

थोडी जळजळ झाली तर घाबरायचं नाही. चालता-बसता येत नसेल, फोड उघडे पडले असतील, तर थांबायचं. या दोन्हीच्या मध्ये कुठे थांबायचं हे पुस्तकातून ठरत नाही, ते डॉक्टरने डोळ्यांनी पाहून ठरवायचं. मी स्वतः अशा बाईला पहिले दोन आठवडे आठवड्यातून एकदाच लावायला सांगते, मग दोनदा, आणि सोसलं तर पुढे तीनदा. ठरावीक वार पकडले की गोंधळ होत नाही, सोमवार-गुरुवार म्हणा. झोपताना लावायचं, सकाळी साध्या पाण्याने धुवायचं, म्हणजे सहा ते दहा तास राहतं. हातातला छोटा आरसा आणि चांगला उजेड घ्या. चट्ट्यावर आणि त्याच्या काठाबाहेर थोडंसं, अगदी पातळ, दिसेनासं होईपर्यंत चोळा. आजूबाजूच्या निरोगी कातडीला आधी पेट्रोलियम जेलीचं कुंपण घाला. योनीच्या आत आणि लघवीच्या छिद्रावर लावायचं नाही. एक पुडी अडीचशे मिलिग्रॅमची असते. लहान चट्ट्याला ती सगळी लागतही नाही. उरलेलं उघडं ठेवून दुसऱ्यांदा वापरू नका, जीव जळला तरी फेकून द्या. आधी आणि नंतर हात धुवा. पाळीच्या दिवसांत पॅड घासून त्रास होतो, म्हणून ती रात्र मी सोडायला सांगते. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचं नाही.

पुन्हा कधी सुरू करायचं? कातडी पूर्ण भरून आल्यावर, मॅडमनी एकदा पाहिल्यावर, आणि आठवड्यातून एकदा या पायरीपासून. आधीचे दिवस वाया गेले असं समजू नका. मध्ये आठवडाभराची सुट्टी घेऊन परत चालू करणं हा या उपचारातला नेहमीचा भाग आहे.

आता सर्जन आणि तुमच्या मॅडम यांच्यात मतभेद का आहे ते सांगते. तुम्हाला वाटतंय की एक जण बरोबर असेल आणि दुसरं चूक. तसं नाही. नेदरलँड्समध्ये ५२ बायकांवर केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना खरं मलम, निम्म्यांना औषध नसलेला नुसता बेस, आठवड्यातून दोनदा, १६ आठवडे. मलमवाल्या २६ पैकी २१ जणींचा चट्टा पाव हिश्श्याहून जास्त आटला, ९ जणींचा पूर्ण गेला. नुसत्या बेसवाल्यांत एकीचाही आटला नाही. पुढे ब्रिटनमध्ये १८० बायकांवर दुसरा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्या जणींना हे मलम २४ आठवड्यांपर्यंत दिलं, आणि त्यांतल्या साधारण ४६ टक्के जणींचा चट्टा गेला. आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रियातल्या सहा रुग्णालयांनी मलम आणि ऑपरेशन यांची सरळ तुलना केली. उपचार पुरा केलेल्यांत सहा महिन्यांनी दोन्हीकडे जवळजवळ सारखं यश दिसलं, सुमारे ८० टक्के. हे तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण मलम किती वेळा आणि किती काळ लावलं, कोणाला घेतलं, सोडून गेलेल्यांना कसं मोजलं, हे सगळं वेगळं होतं. मला त्यातून एवढंच दिसतं की मलम खरोखर चालतं, सगळ्यांनाच चालतं असं नाही, आणि ज्या शेवटपर्यंत टिकतात त्यांना जास्त चालतं. ऑपरेशनच्या तुलनेत ते दुय्यम नाही, पण चार-सहा महिने संयम मागतं. ऑपरेशन एका दिवसात होतं.

तरीही ‘करून मोकळी’ होता येत नाही, हे सर्जननी तुम्हाला सांगितलं नसावं. चट्टा कापून काढला तरी जवळपास तिघींतल्या एकीला तो पुन्हा येतो, कडा स्वच्छ आल्या तरीही येऊ शकतो, कारण विषाणू आजूबाजूच्या दिसायला चांगल्या कातडीतही असतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कापायची वेळ आली की त्या जागेचा आकार बदलतो, बसताना ओढल्यासारखं होतं, संबंधांच्या वेळी दुखतं. मोठा किंवा ठिकठिकाणी पसरलेला चट्टा असेल, क्लिटोरिस किंवा गुदद्वाराजवळ असेल, तर मलमाचा मोठा फायदा हाच की अवयव तसाच राहतो. तुमचा चट्टा बोटाच्या पेराएवढा, एकाच ठिकाणी, मोकळ्या कातडीवर असेल तर ऑपरेशनही अगदी वाजवी आहे. एक मात्र नक्की : कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेसाठी ‘सगळं काढण्याची’ गरज नसते. चट्टा आणि भोवतालची थोडी कड, बस. कुणी त्याहून जास्त सुचवलं तर दुसरं मत घ्या. लेझरनेही हे चट्टे घालवता येतात, फक्त त्यात तपासायला तुकडा हाती उरत नाही. फाइव्ह-एफयू नावाचं एक जुनं मलम कुणी सुचवेल. ते या जागी फार जाळतं, मी ते देत नाही.

ऑपरेशनच्या बाजूचा एक मुद्दा मी हलका करणार नाही. काढलेला भाग पूर्ण तपासला की कधीकधी आत लहानसा कॅन्सर सापडतो, जो आधीच्या बारीक तुकड्यात आलाच नव्हता. मलम लावताना ही संधी मिळत नाही. म्हणून मलम सुरू करण्याआधीची बायोप्सी चांगली हवी, आणि चट्टा मोठा असेल तर एकापेक्षा जास्त ठिकाणची हवी. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात, फार त्रास होत नाही. तुमच्या मॅडमना विचारा : किती ठिकाणचे तुकडे घेतले? चट्ट्यात कुठे गाठ, कडकपणा, खड्डा पडलेली जखम, आपोआप रक्त येणं होतं का? यातलं काही असेल तर मलम बाजूला ठेवा, आधी पुन्हा तपासणी.

आणि तुमचा रिपोर्ट. ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ ही तुमच्यासाठी बरी बातमी आहे, वाचायला भयंकर वाटली तरी. पी-१६ हे एचपीव्हीने बिघडवलेल्या पेशींत वाढणारं प्रथिन. हा चट्टा एचपीव्हीमुळे झाला असं त्यातून दिसतं, आणि मलम चालतं ते अशाच चट्ट्यांना. व्हीआयएनचा दुसरा एक प्रकार असतो, डिफरन्शिएटेड व्हीआयएन. तो एचपीव्हीशिवाय होतो, बऱ्याचदा उतारवयात, लायकेन स्क्लेरोसस नावाच्या पांढरट, आवळत जाणाऱ्या त्वचारोगावर. त्याला हे मलम देऊ नये, तो काढावाच लागतो, कारण तो फार लवकर कॅन्सरकडे जातो. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या पाहणीत दहा वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण तुमच्या प्रकारात सुमारे १० टक्के आणि त्या दुसऱ्या प्रकारात सुमारे ५० टक्के होतं. दोन्हीला लोक तोंडाने नुसतं ‘व्हीआयएन’ म्हणतात. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी असा रिपोर्ट पडला असेल, तर शेजारणीचं मलम आणण्याआधी त्यावर कुठला प्रकार लिहिलाय ते डॉक्टरकडून समजून घ्या. रिपोर्टाबद्दल शंका असेल तर लॅबकडून तुमच्या तुकड्याच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते घेऊन मुंबईच्या टाटा हॉस्पिटलसारख्या मोठ्या केंद्रात पुन्हा वाचून घेता येतात, आणि त्यासाठी दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागत नाही.

दोन वर्षांच्या त्या फंगलच्या ट्यूबबद्दल माझा राग व्यक्त केल्याशिवाय पुढे जाववत नाही. किती जणांनी तुम्हाला टेबलावर झोपवून, दिवा लावून बघितलं? पत्रात तसं काही दिसत नाही. बाई सांगते ‘खाली खाज आहे’, डॉक्टर मान खाली घालून ट्यूब लिहितो, दोघांचीही लाज राखली जाते आणि चट्टा वाढत राहतो. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबांत स्टेरॉईड मिसळलेलं असतं. त्याने खाज तात्पुरती दबते, म्हणून बरं वाटतं. तीन-चार आठवड्यांत पूर्ण न गेलेली, किंवा जाऊन परत आलेली खाज असेल तर ‘मला तपासा’ म्हणून अडून बसायचं.

अजून करायच्या तपासण्या आहेत. हा विषाणू एका जागी थांबत नाही, म्हणून गर्भाशयाच्या मुखाची पॅप किंवा एचपीव्ही तपासणी आणि योनीची तपासणी करून घ्या. गुदद्वाराभोवतीही बघायला सांगा. एचआयव्हीची चाचणी सांगतील. त्यात तुमच्याबद्दल कुठला संशय नसतो, प्रतिकारशक्ती कमी असेल तर मलम कमी चालतं आणि चट्टे पुन्हा येतात, म्हणून ती करतात. गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा, त्या काळात हे मलम टाळतो. सोरायसिस असेल किंवा अवयवरोपणानंतरची औषधं चालू असतील तरी सांगा. घरात कुणी सिगारेट-विडी ओढतं का, हेही विचारते, कारण ओढणाऱ्या बायकांत हे चट्टे जास्त होतात आणि जास्त परत येतात. मिश्रीचा संबंध असा ठामपणे सांगता येत नाही, पण लावत असाल तर तोंडासाठी तरी सोडा.

उपचार चालू असताना दर चार-सहा आठवड्यांनी दाखवायचं. चार ते सहा महिन्यांनी मलम बंद केल्यावर लालपणा ओसरू द्यायचा, आणि मग पुन्हा तुकडा घेऊन खात्री करायची. नुसतं डोळ्यांना बरं दिसतंय यावर थांबू नका. चट्टा राहिलाच तर ऑपरेशनचा मार्ग मोकळा असतो, मलम लावल्याने तो बंद होत नाही. गेला तरी पहिली काही वर्षं सहा-सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी. त्या डच अभ्यासातल्या पूर्ण बऱ्या झालेल्या ९ जणींपैकी ८ जणी सात-एक वर्षांनीही बऱ्या होत्या, हे मला या मलमाबद्दल सगळ्यात आश्वासक वाटतं. मधल्या काळात मलम थांबवून दोन आठवडे झाले तरी न भरणारी जखम दिसली, तर ती मलमाची समजू नका.

आता घरातलं. एचपीव्ही आयुष्यात कधी ना कधी बहुतेक सगळ्या लग्न झालेल्या माणसांना होतो, बायकांना आणि पुरुषांनाही. बहुतेकांचं शरीर तो स्वतःच घालवतं. काहींच्यात तो वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि दहा-वीस वर्षांनी चट्टा दिसतो. कुणाकडून कधी आला हे जगातली कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. म्हणून यावरून ना तुमच्यावर बोट दाखवता येतं, ना तुमच्या यजमानांवर. यजमानांना सांगाच असं मी म्हणणार नाही. तुमचं घर तुम्हाला माहीत. पण चार-सहा महिने आठवड्यातून दोन-तीन रात्री मलम, त्यात काही दिवस जखम, हे एकाच खोलीत झोपणाऱ्या माणसापासून लपवणं अवघड आहे, आणि लपवण्याच्या नादात उपचार चुकतो. पहिल्यांदा सगळं सांगायची गरज नाही. ‘खाली कातडीचा आजार आहे, आज ना उद्या कॅन्सर होऊ नये म्हणून औषध चालू आहे, काही महिने औषधाच्या रात्री संबंध जमणार नाहीत’ इतकं पुरे. मॅडमकडे सोबत न्या, विषाणूचं मॅडमनाच सांगू द्या. डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की भांडणाचा विषय होत नाही, हे मी पुष्कळ पाहिलंय. यजमानांना कसलाही उपचार लागत नाही. मलम अंगावर असताना संबंध नकोत, आणि लक्षात ठेवा, या मलमामुळे निरोध कमकुवत होतो.

टॉवेलची भीती सोडा. हा विषाणू कातडीला कातडी घासून पसरतो, दोरीवरच्या टॉवेलने मुलीला हा आजार होत नाही. स्वच्छतेसाठी वेगळा ठेवायचा तर ठेवा. तिच्यासाठी करण्यासारखं दुसरंच आहे. १२ हे एचपीव्ही लशीचं उत्तम वय. आपल्याच पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. तिच्यात ६, ११, १६ आणि १८ या चारही जाती आहेत, म्हणजे चामखीळही आली आणि तुमचा चट्टा ज्यातून होतो तो १६ क्रमांकही आला. नऊ ते चौदा वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पंधरानंतर सुरू केली तर तीन. तुमचा आत्ताचा चट्टा लशीने जाणार नाही, ती उपचार नव्हे. तुम्ही नंतर घ्यावी का, हे मॅडमशी बोला, घाई नाही. मुलीचा पहिला डोस मात्र या सुट्टीतच उरका, आणि कशासाठी टोचलं असं तिने विचारलं तर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस म्हणून सांगा, ते खरंच आहे.